फिरत्या रंगभूमीचा इंग्रज नट



आपल्याकडे माणूस गाव सोडून गेला, तरी गाव त्याच्या नावाला चिकटून राहते. नाशिकचा नाशिककर होतो, इगतपुरीचा इगतपुरीकर. आज ज्या नटाची हकिकत सांगायची आहे, त्यानेही तेच केले. फक्त तो इंग्रज होता. उत्तर इंग्लंडात केंडल नावाचे एक गाव आहे. तिथे १९०९ साली जेफ्री ब्रॅग नावाचा मुलगा जन्मला. नाटकाच्या धंद्यात शिरल्यावर त्याने ब्रॅग हे आडनाव टाकले आणि गावाचे नाव घेतले. जेफ्री केंडल म्हणून तो ओळखला जाऊ लागला. पण गंमत अशी, की त्याचे नाव झाले ते त्या गावात नाही, लंडनमध्येही फारसे नाही. झाले ते आपल्या देशात.

इगतपुरीच्या माणसाला नाटकमंडळी कशी फिरते, हे वेगळे सांगायला नको. १८६५ साली थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला पोचली. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा हा चढ. तेव्हापासून मुंबईहून नागपूर, जबलपूर, कलकत्त्याकडे जाणारी वाट इथूनच गेली. आपल्या संगीत नाटकमंडळ्या याच रेल्वेने गावोगाव गेल्या. पडदे, पेट्या, वळकट्या, तबल्याची जोडी, आचारी, सारा संसार डब्यात भरायचा आणि पुढच्या मुक्कामाला उतरवायचा. केंडलसाहेबांची मंडळीही याच जातीची. पोशाखांच्या पेट्या हाच त्यांचा वाडा आणि रेल्वेचा डबा हेच त्यांचे घर.

केंडल पहिल्यांदा हिंदुस्थानात आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सैनिकांना नाटके दाखवायला. बरोबर पत्नी लॉरा लिडेल, तीही नटीच. देश त्यांच्या मनात भरला. १९४७ साली ते स्वतःची मंडळी घेऊन परत आले. तिचे नाव शेक्सपियराना. वर्ष लक्षात घ्या. इंग्रज आपले बिऱ्हाड आवरत होते, गोरे साहेब बोटीने परत चालले होते, आणि हा एक इंग्रज शेक्सपियरच्या नाटकांच्या पेट्या घेऊन उलट इकडे येत होता. त्यानंतर १९५३ ते १९५६ या काळात या मंडळीने पुन्हा देशभर मोठा दौरा केला. कधी राजवाड्यात खेळ, कधी थिएटरात, आणि पुष्कळदा शाळा-कॉलेजच्या सभागृहात. मंडळी लहान. एकाच नटाने दोन-दोन, तीन-तीन सोंगे घ्यायची. थोरली मुलगी जेनिफर नायिकेची कामे करी. धाकटी फेलिसिटी तर नऊ महिन्यांची असताना कडेवरून रंगमंचावर आली. पुढे बंगाली रंगभूमी गाजवणारे उत्पल दत्त यांनीही तरुणपणी या मंडळीत उमेदवारी केली.

आता कोणी विचारील, शेक्सपियर हा इंग्रजांचा कवी. तो आपल्याला राज्यकर्त्यांनी शिकवला. त्याचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या माणसांनी शेक्सपियर नुसता पाठ केला नाही, तो आपलासा केला. आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. गणपतराव जोशी हॅम्लेट होऊन उभे राहिले, तेव्हा प्रेक्षक डेन्मार्कचा राजपुत्र पाहत नव्हते. बापासाठी तळमळणारा मुलगा पाहत होते. केंडलही नेमके हेच धरून होते. पुस्तकात मेलेला शेक्सपियर रंगमंचावर जिवंत होतो, आणि ऐकणारे कान असले की तो कुठेही उभा राहतो.

या घराण्याची सोयरीकही नाटकानेच जमली. १९५६ साली कलकत्त्यात पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे खेळ चालू होते. तीही फिरतीचीच मंडळी. पृथ्वीराजांचा धाकटा मुलगा शशी आणि केंडलांची जेनिफर यांची गाठ तिथे पडली. शशी शेक्सपियरानात इंग्रजी नाटकांतून कामे करू लागला, आणि १९५८ साली दोघांचे लग्न झाले.

पण काळ बदलत होता. बोलपट गावोगाव पोचला होता. १९६५ साली जेम्स आयव्हरी यांनी ‘शेक्सपियरवाला’ हा चित्रपट काढला. केंडलांनी १९४७ च्या दौऱ्यात लिहिलेल्या रोजनिशीचा आधार त्याला होता. फिरत्या इंग्रज मंडळीचा म्हातारा मालक टोनी बकिंगहॅम हे काम स्वतः केंडलांनी केले, त्याची बायको लॉराबाईंनी आणि मुलगी फेलिसिटीने. संगीत सत्यजित राय यांचे. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. रंगमंचावर ऑथेल्लो डेस्डिमोनाचा जीव घ्यायला निघाला आहे, आणि तेवढ्यात प्रेक्षागृहात सिनेमातली एक नटी येते. झाले! सगळ्यांच्या माना तिच्याकडे. नाटक तिकडे, लोक इकडे.

मग नटाने काय करावे? नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांनी पाच वर्षांनी, म्हणजे १९७० साली, याच दुखण्याला मराठीत वाचा फोडली. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर हेही शेक्सपियर जगलेले म्हातारे नट. डॉ. श्रीराम लागूंनी ते पहिल्यांदा उभे केले. बेलवलकरांचे घर गेले, माणसे दुरावली, पण तोंडातली नाटके कोणी हिरावून घेऊ शकले नाही. टोनी बकिंगहॅम आणि गणपतराव एका फलाटावर भेटते, तर भाषा निराळी असूनही दोघांना एकमेकांचे दुःख कळले असते.

खुद्द केंडल मात्र हार मानून बसले नाहीत. त्या चित्रपटानंतरही त्यांनी नाटक सोडले नाही. ‘जुनून’ आणि १९८१ च्या ‘३६ चौरंगी लेन’ या चित्रपटांतही ते दिसले. त्या दुसऱ्या चित्रपटात जेनिफर एकाकी शिक्षिका झाली. शेक्सपियर शिकवत आयुष्य काढलेली ती बाई आपल्या शिक्षकवर्गाने जरूर पाहावी. जेनिफर आणि शशी कपूर यांनी १९७८ साली मुंबईत जुहूला पृथ्वी थिएटर उभे केले. जेनिफर १९८४ साली गेली. फेलिसिटी इंग्लंडात जाऊन तिथली नामवंत नटी झाली. जेफ्री केंडल १९९८ साली लंडनमध्ये वारले.

त्यांची कारकीर्द कशाने मोजायची? बक्षिसांनी मोजली तर हिशेब थोडक्यात आटोपतो. पण कुठल्या तरी शाळेच्या सभागृहात, चटईवर मांडी घालून बसलेल्या मुलाने पहिल्यांदा एका राजाला आपल्याच चुकीवर रडताना पाहिले असेल. त्या मुलाची नोंद कुठल्या वहीत करायची?

शिक्षक मित्रहो, आपल्या शाळेत केंडलांची मंडळी येणार नाही. पण पुस्तकातला नाट्यप्रवेश आहे, वर्गात मुले आहेत. धडा नुसता समजावून सांगू नका. भूमिका वाटून द्या आणि मुलांना उभे राहून मोठ्याने म्हणू द्या. पडदा नसला तरी चालेल. पेट्या उतरवून नाटकमंडळीही हेच करीत असे.