लष्करचा दसरा

मराठ्यांच्या इतिहासात विजयादशमी हा मोहिमेचा मुहूर्त होता. पावसाळा सरला, नद्यांना उतार पडला, म्हणजे शस्त्रे पुजून फौजा सीमोल्लंघन करीत. अशाच मोहिमांतून शिंद्यांची सेना उत्तरेत आली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या छावणीचे शहर झाले; नाव मात्र लष्कर हेच राहिले. फौजेबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली.

पुढे मोहिमा संपल्या. १९४८ साली संस्थानही मध्यभारतात विलीन झाले. तरी मांढरे माता मंदिराजवळ शिंदे घराण्याचा प्रमुख शमीच्या फांदीवर तलवार चालवितो आणि जमलेले लोक तिची पाने सोने म्हणून लुटतात.

हे सोने लुटायचे ते वाटण्यासाठी. रघुराजाच्या कथेत कौत्स गुरुदक्षिणेपुरतेच सोने घेतो, उरलेले राजाही ठेवीत नाही. ते प्रजेला वाटले जाते. तलवार घेऊन परमुलखात आलेल्यांच्या वंशजांनी शेजाऱ्याच्या हाती असे पान ठेवावे, हेही सीमोल्लंघनच होय. पूर्वी राज्याची सीमा ओलांडीत. आता आपला उंबरठा ओलांडावयाचा आहे.