मासे उपाशी तर नाहीत ना?



लहान मुलांपुढे बोलायचे म्हटले, की आपला आवाज आपोआप चढतो. हातवारे येतात, सोंगे येतात. अमेरिकेतील एका गृहस्थांनी यातले काहीएक न करता तीस वर्षांहून अधिक काळ मुलांशी टेलिव्हिजनवरून संवाद साधला. त्यांचे नाव फ्रेड रॉजर्स.

त्यांचा जन्म १९२८ सालचा, पेन्सिल्व्हेनिया प्रांतातला. १९५१ च्या सुमारास त्यांनी टेलिव्हिजन प्रथम पाहिला, तेव्हा त्यावर माणसे एकमेकांच्या तोंडावर खाण्याचे पदार्थ फेकून हशा पिकवीत होती. त्यांना वाटले, एवढे मोठे साधन, आणि त्याचा उपयोग हा! म्हणून ते त्याच धंद्यात शिरले. १९५३ साली ते पिट्सबर्गच्या केंद्रात आले. बाहुल्या नाचविल्या, गाणी रचली, मधल्या काळात धर्मोपदेशकाची दीक्षाही घेतली. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांचा ‘शेजार’ देशभर दिसू लागला.

कार्यक्रम कसा? रॉजर्स घरात येत, कोट कपाटात टांगीत, आईने विणलेला स्वेटर घालीत, बूट बदलीत आणि माशांना खाऊ घालीत. घाई म्हणून नाही.

१९७० च्या एका भागात टाकीतला मासा मेलेला निघाला. त्यांनी तो लपविला नाही. पुरला, आणि लहानपणी आपली कुत्री गेली तेव्हा आपण रडलो होतो, हेही सांगितले. आपल्याकडे गोठ्यातला बैल जातो, पोर रिकाम्या खुंट्याकडे पाहत राहते, आणि आपण म्हणतो, “जा, बाहेर खेळ जा.” इथेच आपले चुकते.

१ मे १९६९ रोजी सार्वजनिक प्रसारणाच्या २ कोटी डॉलरच्या अनुदानावर कात्री चालणार होती. रॉजर्स सिनेटच्या समितीपुढे सहासात मिनिटे बोलले, तेही मुलांशी बोलत त्याच शांत सुरात. राग आला तर त्याचे काय करावे, हे मुलाला शिकविता येते, एवढेच त्यांचे म्हणणे. कडक समजले जाणारे अध्यक्ष पास्टोर विरघळले आणि पैसे तुम्ही मिळविलेत असे म्हणाले.

पण मला मोठी वाटते ती एक लहान गोष्ट. एका अंध मुलीच्या घरून पत्र आले: तुम्ही माशांना खाऊ घालता ते मोठ्याने सांगत चला, हिला दिसत नाही, मासे उपाशी राहिले या काळजीने ती रडते. तेव्हापासून रॉजर्स खाऊ घालताना तसे बोलून सांगू लागले. आम्हा रेडिओवाल्यांना हे चटकन पटते. आमचा प्रत्येक श्रोता त्या मुलीच्याच जागी असतो.

२००१ साली कार्यक्रम थांबला. भाग झाले होते सुमारे नऊशे. २००३ साली रॉजर्स वारले.

गुरुजी, तुमच्याही वर्गात फळा न दिसणारे एखादे मूल मागे बसलेले असेल. ते पत्र लिहिणार नाही. उद्या फळ्यावर लिहाल, ते तोंडानेही म्हणा.