आम्लावरून पडलेली नावे

सातारकर, नगरकर, चिपळूणकर ही आडनावे मूळ गाव सांगतात, कूळ सांगत नाहीत. दोन चिपळूणकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे कुणी धरून चालत नाही. तीव्र आम्लात वाढणाऱ्या बुरशींच्या बाबतीत मात्र शास्त्राला हा भेद पक्का व्हायला बरीच दशके लागली. ‘आम्लप्रेमी बुरशी’ हा शब्द राहण्याची जागा सांगतो, वंश नाही, हे माझे म्हणणे आहे. या बुरशींच्या अंगावर ओळखीच्या खुणा इतक्या थोड्या की वर्गीकरण करणाऱ्यांना रंग, तंतूंची मोडणी अशा हाती लागेल त्या खुणेवर विसंबावे लागले. त्या खुणांनी त्यांना वारंवार चकवले.

सुरुवात 1943 पासून करता येईल. अमेरिकेतल्या रटगर्स येथील रॉबर्ट स्टार्की आणि सेल्मन वाक्समन यांनी त्या वर्षी दोन बुरशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच वाक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल मिळवणार होते. या बुरशी गंधकाम्ल आणि मोरचूद यांच्या द्रावणात वाढत होत्या. मोरचूद म्हणजे बोर्डो मिश्रणातला मुख्य घटक, द्राक्षबागांवर रोग आवरण्यासाठी फवारतात तोच. बुरशी मारणाऱ्या द्रव्यातच बुरशी सुखाने वाढत होती, आणि तीही सामू शून्याच्या आसपास असताना. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते, हे लक्षात घेतले तर या निरीक्षणाचे वजन कळते. दोघींपैकी एकीला ‘अकॉन्टियम वेलाटम’ हे आधीपासूनचे नाव मिळाले. दुसरी काळपट होती. तिच्यावर नुसते एक अक्षर चिकटवले गेले, ‘बुरशी डी’, आणि तिला ‘डेमॅटिएसी’ गटात टाकले गेले. हा गट इटलीच्या साकार्दो यांच्या 19व्या शतकातल्या पद्धतीतून आला होता. ज्यांची लैंगिक अवस्था ठाऊक नाही अशा बुरशींची मांडणी त्या पद्धतीत रंग आणि बीजाणूंच्या आकारावरून होई. काळ्या तंतूंची ती ‘डेमॅटिएसी’, म्हणजे ते घराणे नव्हतेच, एकाच रंगाची मंडळी बसवलेली ओसरी होती.

1974 मध्ये कॅनडात लिन सिग्लर आणि जे. डब्ल्यू. कार्मायकेल यांनी अशाच एका काळ्या बुरशीला ‘स्किटॅलिडियम ॲसिडोफिलम’ असे रीतसर नाव दिले. तिचे तंतू तुकड्यातुकड्यांनी सुटून बीजाणूंचे काम करतात, म्हणून प्रजाती ‘स्किटॅलिडियम’ ठरली. 2004 मध्ये जर्मनीतल्या लिग्नाइटमधून मिळालेली काळी, यीस्टसारखी बुरशी ‘हॉर्टेआ’ प्रजातीत गेली. त्या प्रजातीतली नामवंत जात तर मिठागरांत राहणारी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटनच्या रिचमंड खाणीतून ‘ॲसिडोमायसिस’ हे नाव पुढे आले. या डोंगरातल्या पाण्याचा सामू उणे 3.6 इतका खाली मोजला गेला आहे. मग 2008 मध्ये लॉरा सेल्बमन आणि सहकाऱ्यांनी जनुकीय क्रम ताडून पाहिले. कॅनडाची बुरशी ‘स्किटॅलिडियम’च्या मूळ जातीपासून वर्गानेच वेगळी निघाली आणि ती ‘ॲसिडोमायसिस’मध्ये आली. लिग्नाइटमधली बुरशीही 2014 मध्ये ‘हॉर्टेआ’तून बाहेर पडून ‘निओहॉर्टेआ’ झाली.

यावर कुणी म्हणेल की 2008च्या कामाने उलटेच सिद्ध केले: आम्लातल्या कित्येक काळ्या बुरशी खरोखरच जवळच्या निघाल्या, म्हणजे पत्त्याला काही अर्थ होताच. आक्षेप वजनदार आहे. पण त्यांच्याच निकट नात्यात कोण सापडले तेही पाहायला हवे. अंटार्क्टिकाच्या कोरड्या, गोठलेल्या खडकांच्या आत राहणाऱ्या बुरशी त्यांच्या भावकीत निघाल्या, आणि तिथे असे आम्ल नाही. म्हणजे वारशाने आली असेल तर ती मेलॅनिनने काळी झालेली जाड भिंत, सावकाश वाढ आणि हाल सोसण्याची ताकद. आम्लाची खाण हा त्या ताकदीचा एक उपयोग. शिवाय आम्ल सोसणे बुरशींत दुर्मीळ नाही. ‘ॲस्परजिलस नायगर’ स्वतःच सायट्रिक आम्ल सोडून भोवतालचा सामू 2च्या जवळ आणते, आणि स्पेनच्या आम्लधर्मी रिओ टिंटो नदीत ‘पेनिसिलियम’सारख्या सर्वत्र भेटणाऱ्या बुरशीही आढळल्या आहेत. पेशीच्या आतले वातावरण बुरशी उदासीनतेच्या जवळच राखते. आम्ल दाराबाहेर असते. खाणीतले सांडपाणी हाताळणाऱ्या अभियंत्याला ‘आम्लप्रेमी’ ही यादी उपयोगी पडते हे मला मान्य आहे. पण तिची मदत कामापुरती आहे. त्या यादीवरून नाते काढू गेल्यास फसगत होते.

चेक प्रजासत्ताकातल्या सोओस राखीव क्षेत्रात, जिथली माती आम्ल आणि खारट आहे, मार्टिना हुयस्लोवा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या शोधात हे सर्वांत स्वच्छ दिसते. तिथल्या संशोधनातून 2014 मध्ये ‘ॲसिडोथ्रिक्स ॲसिडोफिला’ ही बुरशी प्रसिद्ध झाली. ती सॉर्डेरिओमायसिटीस वर्गातली. ‘ॲसिडोमायसिस ॲसिडोफिलस’ डोथिडिओमायसिटीस वर्गातली. दोघींच्या वाटा फार पूर्वी वेगळ्या झाल्या होत्या आणि दोघी स्वतंत्रपणे आम्लात पोहोचल्या. प्रजाती बदलली तरी जातीचे जुने विशेषण कायम ठेवायचे, या नामकरणाच्या नियमामुळे ‘ॲसिडोमायसिस’चे 1974चे विशेषण तिच्यासोबत राहिले, आणि आज दोघींच्याही नावात आम्लाचा उल्लेख दोनदा येतो.