हलू नका!

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असं आपली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. फुकट देणाऱ्याची किंमत त्याहूनही कमी असते, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते कळायला फोटोग्राफीचा इतिहास वाचावा लागतो.

निमित्त असं, की काचेवर हातानं फोटो तयार करून विकणारी मंडळी जगात पुन्हा निघाली आहेत. गेल्या तीसेक वर्षांत युरोप-अमेरिकेत हे खूळ चांगलंच फोफावलं. सॅली मानसारख्या नाणावलेल्या फोटोग्राफर बाईसुद्धा त्याच्या नादी लागल्या. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवायचं, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या रीतीनं एक काच तयार करायची आणि तिच्यावर एक फोटो काढायचा. एकच. 'अर्धा डझन कॉप्या द्या हो' ही सोय नाही. आणि पैसे मात्र असे, की तेवढ्यात आपल्याला जन्मभर पुरतील एवढे पासपोर्टचे फोटो निघावेत.

आता ही कृती ऐका. प्रथम कापूस घ्यावा. तो नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवून, धुऊन, वाळवून घ्यावा. या कापसाचा स्फोट होतो. तोफेच्या दारूऐवजी तो वापरता येईल अशी त्या काळच्या लोकांची आशा होती. हा कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला, की मधासारखं चिकट कोलोडियन तयार होतं. डॉक्टर लोक ते जखमेवर लावत. त्यात थोडे आयोडाइडचे क्षार घालून ते स्वच्छ काचेवर ओतावं आणि काच बोटांवर तोलून असं फिरवावं, की पातळ साय चारी कोपऱ्यांत सारखी पसरेल. ज्याला घावन जमत नाही त्यानं या भानगडीत पडू नये. मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावी, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी, फोटो घ्यावा, धावत अंधाऱ्या खोलीत परत यावं, हिराकशीच्या पाण्यानं चित्र उमटवावं आणि सायनाइडनं पक्कं करावं. शेवटी राळेचं व्हार्निश. एवढं सगळं दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की खेळ खलास.

स्फोटक कापूस, गुंगी आणणारं इथर, जालीम सायनाइड! ही यादी फोटोवाल्याच्या दुकानात न सापडता कोणाच्या खिशात सापडली असती, तर स्वारी थेट चौकीत गेली असती.

या कृतीचा जनक फ्रेडरिक स्कॉट आर्चर. खाटकाचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला, लंडनला एका चांदीच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करून पुढे शिल्पकार झालेला. पुतळ्यासाठी माणसं तासन् तास बसेनात, म्हणून हा फोटोकडे वळला. त्या वेळी दोन मार्ग होते. एक दागेरचा, १८३९ सालचा. त्यात चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा लागे, आणि खर्चही तसाच येई. दुसरा टॅल्बट यांचा, कागदाचा. त्यात चित्र भुरकट येई आणि वर पेटंटही होतं. आर्चरनं काचेचा मार्ग काढला आणि मार्च १८५१ मध्ये 'द केमिस्ट' या मासिकात सगळी कृती छापून टाकली. पेटंट नाही, परवाना नाही. ज्याला हवं त्यानं घ्या. एखादी सुगरणही लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस मुद्दाम विसरते. या बाबानं तेवढंही केलं नाही.

टॅल्बटसाहेबांना मात्र हे आवडलं नाही. कोलोडियनही आपल्याच पेटंटात येतं, असा त्यांचा दावा. त्यांनी लारोश नावाच्या एका फोटोवाल्यावर फिर्याद लावली. डिसेंबर १८५४ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला तो असा, की टॅल्बट आपल्या पद्धतीचे खरे जनक आहेत, पण काचवाल्यांनी त्यांचं काही चोरलेलं नाही. झालं! दार सताड उघडलं आणि लंडनच्या गल्लोगल्ली फोटोवाले उगवले. सहा पेन्सांत चेहरा!

त्यातल्या एकाची हकिकत हेन्री मेह्यू या पत्रकारानं लिहून ठेवली आहे. हा गृहस्थ आधी रस्त्यावर बँजो वाजवत फिरायचा. लॅम्बेथमध्ये भाड्याच्या खोलीमागच्या परसात त्यानं स्टुडिओ थाटला. पलंगावरची घोंगडी काढून कपडे वाळवायच्या घोडीला ठोकली, की मागचा पडदा तयार. वारा सुटला तर भागीदारानं घोडी धरून उभं राहायचं. फोटो काळा आला तर तो उजळवण्याचं खास औषध असे, ते म्हणजे पाणी. एकदा एक घाईतला खलाशी आला. याच्याकडे एका सुताराचा तयार फोटो पडला होता. तोच त्यानं खलाशाच्या हातात ठेवला. सुताराच्या अंगात पांढरं जाकीट. खलाशाचा सदरा निळा. "निळा रंग फोटोत जरा फिकाच येतो," असं यानं समजावलं. खलाशी इतका खूश झाला, की सहाच्या जागी नऊ पेन्स देऊन गेला!

गंमत म्हणजे थाप मारताना तो शास्त्राप्रमाणे अगदी खरं बोलला होता. कोलोडियनला निळा रंग पांढरा दिसतो आणि लाल रंग काळा. तेव्हा आपल्याकडची सवाष्ण या काचेपुढे बसली, तर तिचं कुंकू काळं उमटणार. शिवाय आरशातल्यासारखं डाव्याचं उजवं होतं, म्हणजे पदरही भलत्याच खांद्यावर. सासूबाईंना हा फोटो दाखवण्यात अर्थ नाही.

हे वेड मुंबईलाही लवकरच आलं. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे, तेच हे भाऊ दाजी. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोचा वर्गच सुरू झाला. डॉक्टरांना हे जमलं यात नवल नाही; निम्मी बाटल्यांची ओळख आधीचीच. पण इथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं हे ध्यानात घ्या आणि मग मे महिन्यातली मुंबई डोळ्यांपुढे आणा. खिडक्या बंद केलेली अंधारी खोली, बाटलीत उकळू पाहणारं इथर, नायट्रेटनं काळी पडलेली बोटं आणि काच वाळायच्या आत धावणारे घामाघूम डॉक्टर! आपण मोबाइलवर बोट टेकवतो आणि वर 'लाइट बरोबर नाही' म्हणून कुरकुरतो.

इकडे लंडनमध्ये काय झालं? त्याच्या कृतीवर सगळे पोट भरत होते. आर्चर मात्र १८५७ साली, चव्वेचाळिशीच्या आतच, गरिबीत वारला. मग फोटोवाल्यांना जाग आली आणि त्यांनी वर्गणी काढली. वर्ष उलटायच्या आत बायकोही गेली. सरकारनं तीन पोरक्या मुलांना वर्षाला पन्नास पौंडांचं पेन्शन दिलं. कारण काय, तर बापाच्या शोधाचा फायदा साऱ्यांना झाला, बापाला झाला नाही. सरकारी कागदावर इतकं स्वच्छ सत्य क्वचितच उमटतं.

पुढे १८७१ मध्ये डॉ. मॅडॉक्स यांनी, इथरच्या वासानं त्रासून, जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती काढली. त्यांनीही पेटंट घेतलं नाही! १८८० पासून कोरड्या काचा करून विकणाऱ्या ईस्टमन यांनी मात्र पेटंटं घेतली आणि १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यापुढचं सांगायला नको.

मग आज पुन्हा ही ओली काच कशासाठी? मला वाटतं, गिऱ्हाईक तिथे फोटोचे पैसे देतच नाही. मानेमागे लोखंडी चिमटा लावून आठ-दहा सेकंद त्याला निश्चल बसवलं जातं. एवढा वेळ हसू टिकत नाही, ऐट टिकत नाही. उरतो तो आपला खरा चेहरा. माझ्या मोबाइलमध्ये चार हजार फोटो आहेत. त्यांतल्या एकासाठीही कोणी दहा सेकंद माझ्याकडे नीट पाहिलेलं नाही. इथे एक माणूस पाव तास आपल्यासाठी धावतो, बोटं काळी करून घेतो आणि शेवटी ओल्या काचेतून आपण हळूहळू वर येताना दाखवतो. पैसे त्याचे. ते त्यानं जरूर घ्यावेत, आणि भरपूर घ्यावेत.

फक्त गल्ला मोजताना सव्वा रुपया आर्चरच्या नावानं बाजूला काढावा. नाही तरी त्याचं बिल अजून कोणी चुकतं केलेलं नाही.