पंधराशे व्होल्टची एक्याण्णव वर्षे

डोंबिवलीत लहानपण गेलेल्या माझ्या पिढीला भारनियमन हा शब्द मुळाक्षरांबरोबरच शिकावा लागला. संध्याकाळी घरातले दिवे जात, आई मेणबत्ती शोधू लागे, आणि त्याच वेळी रुळांवरून उजेडाने न्हालेली लोकल दिमाखात निघून जाई. घरात अंधार आणि गाडीत झगमगाट हे कोडे तेव्हा सुटले नाही. इतिहास शिकू लागल्यावर त्याचे निम्मे उत्तर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडले. आजचा धागा त्याविषयी.

ठाकुर्ली स्थानकाजवळचे चोळे पॉवर हाऊस हे ‘जीआयपी’ अर्थात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ च्या सुमारास स्वतःसाठी उभारलेले कोळशावरचे वीजकेंद्र. गावांत कंदील असताना एका रेल्वे कंपनीने खास आपल्या गाड्यांसाठी वीज निर्माण करावी, यातच आपल्या कोड्याचे मूळ आहे. रेल्वेची वीज आणि नगराची वीज यांचे मार्ग आरंभापासूनच वेगळे होते.

थोडे मागे जाऊ. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली. दाब होता १५०० व्होल्ट, प्रवाह एकदिश, म्हणजे डीसी. सह्याद्रीच्या पाण्यावर टाटांनी निर्माण केलेली जलविद्युत त्या काळी मुंबईत खेळू लागली होती. पण रेल्वेचे खरे लक्ष घाटांकडे होते. बोर आणि थळ या दोन्ही घाटांत सदतीस फुटांना एक फूट असा चढ. वाफेची इंजिने तिथे मेटाकुटीला येत. १९२९-३० पर्यंत कल्याणहून एक विद्युत मार्ग पुण्याकडे आणि दुसरा इगतपुरीकडे गेला. मग स्वतःचे वीजकेंद्र कल्याणच्या उंबरठ्यावर असणे ओघानेच आले.

डीसीच का, असे कोणी विचारील. त्या काळी गाडी ओढण्यास सर्वांत भरवशाची ठरलेली मोटर डीसीची होती. उभ्या गाडीला हलवताना ती प्रचंड जोर लावते आणि रोधकांच्या साह्याने तिचा वेग आवरता येतो. एसीचे डीसी करण्याचे अवजड काम गाडीत करण्याऐवजी मार्गालगतच्या सबस्टेशनांत करावे, अशी ही योजना होती. सुरुवातीस फिरती यंत्रे, पुढे पाऱ्याचे आणि अखेरीस सिलिकॉनचे रेक्टिफायर हे काम करू लागले.

दुखणे मात्र त्या १५०० या आकड्यातच दडलेले होते. एक साधे गणित करून पाहा. गाडीला ३००० किलोवॅट शक्ती हवी असेल, तर १५०० व्होल्टवर तारेतून २००० अँपिअर प्रवाह वाहिला पाहिजे. हीच शक्ती २५,००० व्होल्टवर जेमतेम १२० अँपिअरमध्ये मिळते. तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत ती सुमारे २७८ पट होते. म्हणून तारा जाडजूड हव्यात आणि सबस्टेशने थोड्या थोड्या अंतरावर हवीत. तरीही दोन सबस्टेशनांच्या मधोमध एकाच वेळी दोन-तीन लोकल सुटल्या की तारेतील दाब खाली येई. गाड्या वाढवायच्या, डबे वाढवायचे, तर तारेलाच धाप लागे.

माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत रंजक भाग बिघाड ओळखण्याचा आहे. ओव्हरहेड वायर तुटून रुळाला टेकली, तर प्रवाह एकदम उसळेल आणि सबस्टेशनातील ब्रेकर पडेल, अशी आपली समजूत असते. डीसीमध्ये ते नेहमी तसे घडत नाही. बिघाड लांब असेल, तर मधल्या तारेचा रोध प्रवाहाला आवरतो, आणि तो बिघाड सबस्टेशनाला लोकल सुटत असल्यासारखाच भासतो! खरी गाडी आणि खोटी गाडी ओळखायची कशी? त्यासाठी प्रवाह किती आहे याबरोबर तो किती वेगाने वाढतो हेही पाहावे लागते. गाडीचा प्रवाह टप्प्याटप्प्याने चढतो, बिघाडाचा झपकन. ब्रेकर पडलाच, तर तो पुन्हा लावून पाहतात. पुन्हा पडला, तर त्या भागाचे तुकडे एकेक करून अलग करतात आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते ठरल्यावर माणसे टॉवर वॅगन घेऊन निघतात. तोवर फलाटावरचा प्रवासी घोषणा ऐकत उभा असतो.

रुळांवाटे परतणारा प्रवाह काही अंशी जमिनीत झिरपून पुरलेल्या लोखंडी नळांना गंज चढवतो, हे डीसीचे आणखी एक व्यसन. त्यावर स्वतंत्र धागा होईल.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेने फ्रान्सच्या अनुभवावरून २५,००० व्होल्ट एसीचा स्वीकार केला. त्यानंतर एसी देशभर पसरत गेले आणि ज्या मुंबईने देशाला विजेची गाडी दाखवली, ती एका जुन्या दाबाचे बेट होऊन बसली. उत्तरेकडून आलेल्या गाडीचे इंजिन इगतपुरीला बदलावे लागे. बदल सर्वांना हवा होता. पण दिवसाला लक्षावधी माणसे वाहणारा मार्ग बंद ठेवायचा कसा?

उपाय निघाला तो दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्यांचा. अशा लोकल २००७ पासून धावू लागल्या आणि मग एकेक भाग डीसीतून एसीत नेता आला. अडचण केवळ तारांची नव्हती. जास्त दाबाची तार आणि पुलाचा तळ यांत जास्त मोकळी जागा लागते, आणि ब्रिटिश काळातील पूल त्या हिशेबाने बांधलेले नव्हते. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला, त्यामागे हेही कारण होते. ठाणे-कल्याणकरांना हा सारा काळ रविवारच्या मेगाब्लॉकांच्या रूपाने आठवत असेल. आमच्या घरी तर लग्नाची निमंत्रणे आली की आधी ब्लॉक पाहिला जाई.

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे रूपांतर जून २०१५ मध्ये पूर्ण झाले. उरला हार्बर मार्ग. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघाली. चोळे पॉवर हाऊसच्या भट्ट्या त्याआधीच कित्येक वर्षे थंड पडल्या होत्या.