तलावांचा जिल्हा आणि संग्रहालयाचा प्रश्न

गोंदिया जिल्हा प्रशासकीय दृष्ट्या अर्वाचीन आहे. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. त्यामुळे त्याच्या भूतकाळाचा शोध घेऊ पाहणाऱ्यास प्रथम भंडाऱ्याच्या, आणि त्याहीमागे जाऊन जुन्या मध्य प्रांताच्या कागदपत्रांत शिरावे लागते. वस्तूंच्या बाबतीतही बहुतांशी हीच गत आहे. लोकांच्या तोंडी 'अजबबंगला' म्हणून रूढ झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय 1863 साली स्थापन झाले, तेव्हापासून या प्रांतातील पुराणवस्तूंचे स्वाभाविक स्थान नागपूर हेच ठरले. काही वस्तू त्याहीपलीकडे गेल्या. गोंदियास लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे 1870 साली तांब्याची 424 आयुधे व चांदीचे 102 पत्रे एकाच ठिकाणी मिळाले. त्या ठेव्याचा काही अंश आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. गोंदियाहून जबलपुरास जाणारी सातपुड्याची अरुंद मार्गाची आगगाडी ही तर कालपरवाची गोष्ट. परंतु अशा गाड्यांचे संग्रहालय 2002 साली उघडले तेही नागपुरासच.

यावरून जिल्ह्याचा वारसा बाहेर गेला, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो अपुरा आहे. येथील सर्वांत मोठी ऐतिहासिक कृती कोणासही उचलून नेता आलेली नाही, कारण ती पाण्याची आहे.

वैनगंगेच्या पूर्वेकडील या भातशेतीच्या मुलखात दोन टेकड्यांमधील खोलगट जागा मातीच्या पाळीने अडवून पाणी साठविण्याची विद्या कोहळी समाजाने परिणतीस नेली. लहान साठ्यास बोडी, मोठ्यास तलाव किंवा बांध, आणि पाणी सोडण्याच्या दारास तुडुम ही परिभाषा झाडीपट्टीत आजही जिवंत आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांच्या पूर्वजांस बरोबर आणले, अशी कथा सांगतात. तिला इतिहासाचा पुरावा म्हणता येणार नाही. परंतु तलाव खोदणारा हा समाज आणि राज्य करणारे गोंड यांचा संबंध लोकस्मृतीने कसा जुळविला, हे कळण्यास ती उपयोगी आहे.

नवेगावबांधचे उदाहरण अधिक बोलके आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, अशी परंपरा आहे. भोवतीच्या शिखरांस 'सात बहिणी' म्हणतात. या देवींनी बांधकामास साहाय्य केले, असा समज. कोलू पाटील स्वतःही पुढे 'कोलासूर देव' झाला. ज्या समाजात तलाव बांधणाऱ्यास देवपण येते, त्या समाजाने आपले संग्रहालय पाळीवरच उभे केले होते असे म्हणावयास हरकत नाही. केवळ त्यास प्रवेशद्वार व नामफलक नव्हता.

वेल्समध्ये सेंट फॅगन्स येथे 1948 साली लोकजीवनाचे जे खुले संग्रहालय सुरू झाले, त्यात दूरदूरच्या ग्रामीण परगण्यांतील घरे, प्रार्थनामंदिरे व कामाच्या जागा उतरवून पुन्हा जशाच्या तशा रचण्यात आल्या. घराच्या बाबतीत ही पद्धत शोभते. तलाव मात्र त्याचे पाणलोट क्षेत्र, त्याखालची भाताची बांधी आणि पाण्याची पाळी ठरविणारा गावकरी यांपासून वेगळा काढला की मातीचा ढीग उरतो. सेंट फॅगन्सचे अनुकरण येथे करावे असे सुचविणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतलेला दिसत नाही.

तलावाची दुसरी बाजू कागदाची आहे, आणि प्रश्नाचे गांभीर्य तेथेच आहे. 1951 मध्ये मालगुजारी पद्धती रद्द झाली व मालगुजारांचे तलाव शासनाकडे आले. 'माजी मालगुजारी तलाव' या भारदस्त नावाचे लोकांनी 'मामा तलाव' केले. (नवख्या माणसास हा कोणाचा मामा, असा प्रश्न पडतो खरा!) मालकी बदलली तरी वहिवाट राहिली. कोणत्या शेतास पाणी आधी, गाळ कोणी काढावा, मासे कोणाचे, या गोष्टी निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांत नोंदलेल्या असत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्जास आजही स्थान आहे. म्हणजे हे जीर्ण कागद केवळ इतिहासाची साधने नव्हेत; पाण्यावरील हक्काचे ते पुरावे आहेत. तुडुम काढून तेथे लोखंडी दरवाजा बसविता येतो, परंतु ज्या क्रमाने ते उघडले जाई तो क्रम नोंदीवाचून पुन्हा मिळत नाही.

जिल्ह्यास संग्रहालय हवे असेल तर त्याचा आरंभ मूर्तींच्या दालनाने न करता या नोंदींच्या प्रतींनी करावा, असे आमचे मत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. एक गाव घ्यावे. त्याचे वाजिब-उल-अर्ज उतरून घ्यावे. मग पाळीवर जाऊन तुडुमाचे मोजमापासह रेखाचित्र काढावे. आणि पाणी सोडण्याचा क्रम ज्या वृद्धांस मुखोद्गत आहे त्यांच्याकडून तो त्यांच्याच झाडीबोलीत, शब्द न बदलता, टिपून घ्यावा. हे काम तलाव कोरडे असतात त्या वैशाखात करणे सोयीचे, कारण तेव्हा तुडुमाची तळची पायरीही दिसते.