धोक्याचा इशारा देणारी यंत्रे

थेरगाव पवना नदीच्या काठी आहे. पावसाळ्यात पवना धरणातून पाणी सोडले, की केजूदेवी बंधाऱ्यावरून ते वेगाने खाली येते आणि काठच्या वस्त्यांना सावध करावे लागते. ही खबर वेळेवर कशी पोचवायची, हा प्रश्न जुना आहे. त्याचा थोडा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही. त्याआधी लष्कराचे जवान वाळूची पोती रचून पानशेतचा बांध वाचवण्यासाठी झटत होते. पुण्यातल्या नदीकाठच्या अनेकांना मात्र पाणी दारात येईपर्यंत धोक्याची नीट कल्पना नव्हती. शहरात आकाशवाणीचे केंद्र १९५३ पासून होते. पण नुसते केंद्र असून भागत नाही. खबर केंद्रापर्यंत आणि तेथून घराघरांत नेणारी वाट आधीच आखलेली असावी लागते.

अमेरिकेत शीतयुद्धाच्या भीतीने अशी वाट लवकर आखली गेली. तिथे १९६३ पासूनच्या व्यवस्थेत सगळी भिस्त माणसांवर होती. २० फेब्रुवारी १९७१ रोजी चाचणीऐवजी खऱ्या आणीबाणीची फीत चुकून लावली गेली आणि गोंधळ उडाला. १९९७ पासून हे काम यंत्राकडे आले. इशाऱ्याच्या आधी रेडिओवर जो खरखरीत आवाज येतो, ती यंत्राची भाषा असते. त्यात दोन स्वर असतात: २०८३.३ हर्ट्झचा स्वर म्हणजे १ आणि १५६२.५ हर्ट्झचा म्हणजे ०. सेकंदाला सुमारे ५२१ अंक जातात. म्हणजे १ साठी बरोबर चार कंपने आणि ० साठी तीन. धोका कोणता, कोणत्या भागात, किती वेळ, हे सारे या अंकांत असते. तोच मजकूर तीनदा पाठवतात. तीनपैकी दोन प्रती जुळल्या, की यंत्र तो खरा मानते.

२००४ साली इशाऱ्यांसाठी एक सामाईक संगणकीय मसुदा ठरला आणि पुढे ही यंत्रे इंटरनेटला जोडली गेली. ती आता संगणकच झाली होती आणि संगणकाची दुखणीही त्यांच्याकडे आली. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी मोंटाना राज्यातील एका दूरचित्रवाणी केंद्रावरून, मेलेली माणसे थडग्यांतून उठून जिवंतांवर हल्ले करीत आहेत, असा 'इशारा' प्रसारित झाला! कारण अगदी साधे होते. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता. त्याच वर्षी काही यंत्रांच्या प्रणालीतही दोष सापडला आणि उत्पादकाने सुधारित आवृत्ती दिली. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेला सांगावे लागले, की प्रणाली अद्ययावत न केलेल्या यंत्रांतून कोणीही खोटे इशारे सोडू शकेल.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्र बसवले, की त्याच्या देखभालीचा करारही करतात. इशाऱ्याचे यंत्र मात्र वर्षानुवर्षे गप्प असते, म्हणून त्याची निगा राखायची राहून जाते. खोट्या इशाऱ्याने लोकांचा विश्वास उडाला, तर खऱ्या इशाऱ्याच्या वेळी कोणी जागचे हलणार नाही. हे नुकसान अधिक मोठे आहे.

आपल्याकडे २०२३ साली सी-डॉटच्या प्रणालीवरून देशभर मोबाइलवर चाचणी-इशारे आले. यात मनोरा आपल्या टापूतल्या सर्व फोनांना एकाच वेळी संदेश देतो. त्यासाठी कोणाचा नंबर लागत नाही आणि फोनच्या गर्दीचा अडथळाही होत नाही. फोनमध्ये ही सोय देण्याची जबाबदारी केंद्र सरकारने त्याच वर्षी नियमाने उत्पादकांवर टाकली. म्हणजे इशारा घेणारे यंत्र आता आपल्या खिशात आले आणि त्याची निगाही आपल्याकडे आली.

वर्गात एक पाहणी करता येईल. घरातल्या प्रत्येक फोनवर आपत्कालीन इशारे चालू आहेत का, प्रणाली शेवटची कधी अद्ययावत झाली आणि उत्पादक त्या फोनला अजून सुधारणा देतो का, हे मुलांनी पाहावे आणि त्याचा तक्ता करावा. नदीकाठच्या किती घरांपर्यंत इशारा पोचणार नाही, ते त्यातून कळेल. त्या घरांना निरोप कोणी द्यायचा, हेही मुलांनी तेव्हाच ठरवावे.